चीनची देवळे आणि कान्हेरीची लेणी चितारणारे थॉमस डॅनियल



कान्हेरीची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहेत. शाळेच्या सहलीत, नाहीतर सुट्टीत मुलाबाळांना घेऊन, डबे बांधून, आपण बोरिवलीच्या फाटकातून आत गेलो आहोत. काशीमिऱ्याहून जे हिरवे डोंगर दिसतात त्यांच्याच पोटात, पलीकडच्या अंगाला, ही लेणी आहेत. ती आपल्याच साष्टी बेटावर आहेत. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज चित्रकाराने ती कागदावर उतरवली आणि त्यांचे हाताने रंगवलेले छाप लंडनच्या दिवाणखान्यांत पोचवले, हे फार थोड्यांना माहीत असेल. त्याच चित्रकाराने चीनची देवळे, मनोरे, घरे आणि नौका यांचेही असेच रंगीत छाप काढले. त्यांचे नाव थॉमस डॅनियल. आज आम्ही आपल्याला त्यांची जीवनकथा सांगणार आहोत.

थॉमस डॅनियल हे संत नव्हते, धर्मगुरूही नव्हते. ते कॅथोलिकही नव्हते. मग आपल्या पत्रिकेत त्यांची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. दुसऱ्याचे घर, दुसऱ्याचे प्रार्थनास्थळ कसे पाहावे, हा प्रश्न त्या माणसापुढे आयुष्यभर होता. मीरा-भाईंदरमध्ये एकाच इमारतीत चार धर्मांची माणसे राहतात. तेव्हा तो प्रश्न आपल्यापुढेही रोजच आहे.

खानावळीतला मुलगा

थॉमसचा जन्म १७४९ साली इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या किंग्स्टन या गावी झाला. वडील प्रवाशांसाठी खानावळ चालवीत. घरची परिस्थिती बेताची. मुलाचा हात चित्रकलेत चांगला, पण चित्रकार होणे हे अशा घरातल्या मुलाला परवडणारे नव्हते. म्हणून त्याला घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. त्या काळी श्रीमंतांच्या घोडागाडीच्या दारावर घराण्याचे चिन्ह रंगवलेले असे. ते चिन्ह चुकून चालत नसे. सिंहाचा पंजा वर असेल तर वरच काढायचा, पट्टा निळा असेल तर निळाच द्यायचा. समोर आहे तेच नेमके काढण्याची सवय थॉमसच्या हाताला तिथे लागली.

पुढे १७७३ साली त्याला लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेश मिळाला. ही अकादमी १७६८ साली स्थापन झाली होती आणि तिचे खजिनदार होते विल्यम चेंबर्स नावाचे वास्तुविशारद. हे चेंबर्स तरुणपणी स्वीडिश व्यापारी कंपनीच्या नोकरीत असताना चीनच्या कँटन बंदराला जाऊन आले होते. कँटन म्हणजे आजचे ग्वांगचौ. तिथे पाहिलेल्या इमारतींवर त्यांनी १७५७ साली एक चित्रमय ग्रंथ काढला. १७६२ साली लंडनजवळच्या क्यू बागेत त्यांनी एक उंच चिनी मनोराही बांधून पूर्ण केला. तो आजही उभा आहे. मात्र त्याला दहा मजले आहेत. चीनमध्ये अशा मनोऱ्यांचे मजले बहुधा विषम, म्हणजे पाच, सात, नऊ असे असतात. प्रत्यक्ष चीन पाहून आलेल्या माणसाच्या बांधकामातही असा फरक राहून गेला, तर न पाहता चित्रे काढणाऱ्यांचे काय सांगावे?

चीनची चित्रे युरोपात नेणारे एक धर्मगुरू

इथे थोडे थांबून आपल्या एका धर्मगुरूंचे स्मरण केले पाहिजे. इटलीचे फादर मत्तेओ रिपा हे मिशनकार्यासाठी चीनला गेले आणि १७११ मध्ये पेकिंगला पोचले. त्याच वर्षी, जानेवारी महिन्यात, गोव्याचे संत जुझे वाझ श्रीलंकेत कँडी येथे देवाघरी गेले. फादर रिपा सुवार्ता सांगायला गेले होते, पण सम्राट कांगशी यांनी त्यांना चित्रे काढण्याच्या कामाला लावले. सम्राटांचा डोंगरातला उन्हाळी राजवाडा, तिथले मंडप, पूल आणि तळी यांचे ३६ देखावे १७१३ च्या सुमारास फादर रिपांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. चिनी कारागीर लाकडी ठशांवरून छापण्यात तरबेज होते, पण तांब्याच्या पत्र्यावर कोरून असे देखावे छापण्याचे तंत्र तिथे नवीन होते.

फादर १७२४ साली परतीच्या वाटेवर लंडनला थांबले. सोबत चिनी तरुण होते. १७३२ साली पोपमहोदयांच्या मान्यतेने त्यांनी नेपल्स शहरात चिनी तरुणांना धर्मगुरुपदाचे शिक्षण देणारे विद्यालय सुरू केले. चीनची सेवा चीनच्याच मुलांनी करावी, हा त्यांचा ध्यास होता. या विद्यालयाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

काका आणि पुतण्या निघाले

थॉमस डॅनियल यांना लंडनमध्ये चित्रकार म्हणून फारसे काम मिळेना. देखाव्यांची चित्रे काढणारे तिथे पुष्कळ होते. त्यांच्या भावाचे निधन झाल्यामुळे पुतण्या विल्यमची जबाबदारीही त्यांच्यावर आली होती. १७८४ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. एप्रिल १७८५ मध्ये दोघे जहाजावर चढले. काका पस्तिशीचे, पुतण्या जेमतेम पंधरा वर्षांचा.

त्यांचे जहाज थेट हिंदुस्थानला न येता आधी चीनला गेले. ऑगस्ट १७८५ मध्ये ते कँटनच्या अलीकडे व्हांपोआ या नांगरवाड्यात पोचले. परदेशी जहाजांनी तिथेच थांबायचे, असा नियम होता. पुढे होडीने कँटनला जायचे. तिथेही परदेशी व्यापाऱ्यांना शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या वखारींत राहावे लागे. तटाच्या आत पाऊल टाकायला मनाई होती. आपल्या मुंबईचा कापूसही त्या काळी कँटनच्याच बाजारात जाई.

म्हणजे थॉमस यांना चीनचे दर्शन झाले ते नदीवरून आणि वेशीबाहेरून. राजवाडे नाहीत, राजधानी नाही. पण नदीकाठी पाहण्यासारखे कमी नव्हते. नदीच्या मुखाशी किल्ले, पाण्यावर शिडांच्या मोठ्या नौका, काठावर देवळे आणि व्हांपोआजवळचा नऊ मजली मनोरा. हा मनोरा आजही तिथे उभा आहे.

चिनी इमारतीची रीत युरोपातल्या इमारतींपेक्षा वेगळी. तिथे छपराचा भार लाकडी खांबांवर असतो, भिंत केवळ आडोशाला. खांब आणि छप्पर यांच्यामध्ये एकात एक अडकवलेल्या लाकडी तुकड्यांचे जोड असतात, आणि वळचणीची टोके वर वळलेली असतात. अंगणाभोवती खोल्या, एका अंगणामागे दुसरे अंगण. पिवळी चकचकीत कौले सम्राटाच्या इमारतींसाठी राखलेली. आपल्या गावठाणातल्या कौलारू घराच्या ओटी-अंगणाशी ज्याचे नाते आहे त्याला ही रीत लवकर समजते. दगडी घरांच्या देशातून आलेल्या थॉमस यांना ती नव्याने शिकावी लागली. त्यांनी ती पाहून पाहून शिकून घेतली. वह्या भरल्या. ती चित्रे ग्रंथरूपाने लोकांसमोर यायला मात्र पंचवीस वर्षे लागायची होती.

तांब्याचा पत्रा, राळ आणि आम्ल

१७८६ च्या सुरुवातीला काका-पुतणे कलकत्त्याला पोचले. तिथे थॉमस यांनी शहराचे बारा देखावे छापायचे ठरवले. छापण्याची जी पद्धत त्यांनी निवडली तिला ॲक्वाटिंट म्हणतात. ती आपण थोडी समजून घेऊ.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर राळेची बारीक पूड पसरून खालून ऊब द्यायची, म्हणजे तिचे कण पत्र्याला चिकटतात. मग पत्रा आम्लात ठेवायचा. कणांच्या मधल्या जागी आम्ल तांबे खाते आणि बारीक खळगे पडतात. जिथे उजेड दाखवायचा तो भाग लाखेसारख्या द्रवाने झाकून टाकायचा, जिथे सावली गडद हवी तो भाग पुन्हा आम्लात ठेवायचा. असे अनेकदा करावे लागते. शेवटी पत्र्याला शाई लावून, वरची पुसून, ओलसर कागदावर दाबून छाप काढायचा. हा छाप एक-दोन शाईंचाच असतो. त्यावर आकाशाची निळाई, झाडांची हिरवाई आणि भिंतींचा पिवळेपणा जलरंगाने, कुंचल्याने, एकेका कागदावर भरावा लागतो. शंभर प्रती म्हणजे शंभर वेळा तेच आकाश रंगवायचे.

कलकत्त्यात या कामाची माहिती असलेला कोणी नव्हता. थॉमस स्वतःही पुरते तयार नव्हते. तिथल्या कारागिरांना हाताशी धरून, चुकत-शिकत, दोन वर्षे खपून १७८८ साली त्यांनी बारा चित्रे पूर्ण केली. त्या कारागिरांची नावे छापांवर नाहीत. या कथेत ज्यांची नावे नाहीत अशी माणसे पुष्कळ आहेत, हे आपण लक्षात ठेवू.

वाटेवरची सात वर्षे

त्याच वर्षी दोघे गंगेने वर निघाले. होडीने, पालखीने, घोड्यावरून आणि पायी, आग्रा, दिल्ली करीत ते हिमालयात गढवालच्या श्रीनगरपर्यंत पोचले. त्यांच्याकडे एक पेटी होती. तिच्या भिंगातून समोरचे दृश्य आतल्या कागदावर पडे आणि त्यावर रेघा काढता येत. त्यांच्या आधी विल्यम हॉजेस नावाचे चित्रकार याच वाटेने गेले होते आणि त्यांची चित्रे प्रसिद्ध झाली होती. डॅनियल काका-पुतणे त्या जागी उभे राहून हॉजेस यांचे चित्र समोर धरीत आणि कुठे काय वेगळे आहे ते तपासून पाहत. घोडागाडीच्या दारावर लागलेली सवय सुटली नव्हती.

पैशांची चणचण कायमची होती. कलकत्त्याला आणि नंतर मद्रासला त्यांनी आपल्या तैलचित्रांची सोडत काढली. तिकिटे विकायची आणि ज्याचा क्रमांक येईल त्याला चित्र द्यायचे. त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा. दक्षिणेत म्हैसूरच्या किल्ल्यांपासून कन्याकुमारीपर्यंत ते फिरले.

आपल्या साष्टीत

मार्च १७९३ मध्ये दोघे मुंबईला आले. तिथे त्यांची भेट जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी झाली. वेल्स पुण्याला पेशव्यांच्या दरबारात चित्रे काढीत. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची त्यांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. पण त्यांचे खरे वेड लेण्यांचे होते. त्यांनी पाहुण्यांना घारापुरी, जोगेश्वरी आणि कान्हेरीची वाट दाखवली.

त्या वेळी मुंबई बेट आणि साष्टी यांना जोडणारा सायनचा बांध झालेला नव्हता. खाडी होडीनेच ओलांडावी लागे. पलीकडे भातशेती, ताडाची झाडे आणि जंगल. चीनमध्ये ज्या माणसाला वेशीच्या आत पाऊल टाकता आले नव्हते, त्याला इथे कोणी अडवले नाही. डोंगर चढून तो थेट लेण्यात, खांबांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

पण आत जाऊनही सगळे कळते असे नाही. कान्हेरीचे मोठे लेणे हे बौद्ध भिक्षूंचे प्रार्थनागृह. ओसरीच्या दोन टोकांना बुद्धाच्या उंच उभ्या मूर्ती आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर आंतोनियो दो पोर्तो यांच्या काळात याच लेण्याचे संत मायकलच्या नावाने चर्च झाले होते. म्हणजे आपल्या साष्टीकर पूर्वजांनी त्या खांबांमध्ये गुडघे टेकले आहेत. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि तो काळ संपला. पुढे १७७४ साली बेट इंग्रजांकडे गेले. थॉमस आले तेव्हा लेणी ओस होती. त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या इंग्रजांनी या साऱ्या लेण्यांना सरसकट हिंदू मंदिरे म्हटले. भिंतींवरचे ब्राह्मी लेख समोर दिसत होते, पण ते वाचणारा कोणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तो १८३७ साली. तेव्हा थॉमस नव्वदीला टेकले होते.

बांधले कोणी, वापरले कोणी आणि नाव दिले कोणी! पण एक गोष्ट थॉमस यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. लेण्याचा अर्थ त्यांना कळला नसला तरी त्यांनी दगड जसा होता तसा, आदराने काढला. जे आपल्याला समजत नाही त्याची त्यांनी टिंगल केली नाही. त्या काळच्या अनेक युरोपीय प्रवाशांबद्दल असे म्हणता येत नाही.

अर्धे राहिलेले काम

सप्टेंबर १७९४ मध्ये काका-पुतणे इंग्लंडला परतले. घर सोडून साडेनऊ वर्षे झाली होती. पंधरा वर्षांचा विल्यम आता पंचविशीचा झाला होता.

त्याच महिन्यात लॉर्ड मेकार्टनी यांचे शिष्टमंडळही चीनहून इंग्लंडला पोचले. इंग्लंडच्या राजाने हे शिष्टमंडळ चीनच्या सम्राटांकडे पाठवले होते. ते निघताना एक अडचण होती. चिनी भाषा जाणणारा दुभाषी इंग्लंडमध्ये मिळेना. शेवटी तो मिळाला फादर रिपांच्या नेपल्सच्या विद्यालयात. तिथे शिकलेले दोन चिनी धर्मगुरू बरोबर निघाले. त्यांपैकी फादर ली शेवटपर्यंत दुभाष्याचे काम करून चीनमध्येच राहिले आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांची त्यांनी सेवा केली. शिष्टमंडळाबरोबर विल्यम अलेक्झांडर नावाचे चित्रकार होते. चीनचा आतला भाग पाहून काढलेली त्यांची चित्रेही पुढे हाताने रंगवून प्रसिद्ध झाली. फादर रिपांनी लावलेल्या झाडाचे असेही एक फळ लंडनला पोचले.

इकडे साष्टीत मात्र दुःखद घटना घडली. जेम्स वेल्स लेण्यांची चित्रे काढण्यातच गुंतले होते. ते काम अपुरे असतानाच नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्याला त्यांचे निधन झाले. वेरूळच्या लेण्यांची त्यांची चित्रे तशीच पडून राहिली.

थॉमस यांचे स्वतःचे काम डोंगराएवढे होते. तरी त्यांनी मित्राची चित्रे हाती घेतली, ती तांब्यावर उतरवली आणि १८०३ साली वेल्स यांच्या नावानिशी प्रसिद्ध केली. याच वेरूळची चित्रे पुण्याच्या गंगाराम तांबट या कारागिरानेही तिथले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी काढली होती. वेल्स यांच्याकडून आणखी एक काम राहिले होते. १७९० साली पुण्याच्या दरबारात पेशवे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, त्याचे मोठे चित्र मॅलेट यांना हवे होते. तो दरबार थॉमस यांनी पाहिलेला नव्हता. वेल्स यांनी काढून ठेवलेल्या चेहऱ्यांवरून, पोशाखांवरून त्यांनी ते चित्र १८०५ साली पूर्ण केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाच्या ताब्यात आहे. गेलेल्या मित्राचे अर्धे काम पुरे करणे ही मोठी भक्ती आहे, असे आम्हाला वाटते.

रंगीत छाप

१७९५ ते १८०८ या तेरा-चौदा वर्षांत काका-पुतण्यांनी हिंदुस्थानचे १४४ देखावे सहा भागांत प्रसिद्ध केले. विल्यम पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पत्र्यांवर काम करी. सगळ्या संचाची किंमत २१० पौंड होती. सामान्य माणसाच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीएवढी ही रक्कम. या संचात आपल्या साष्टीची लेणी आहेत. कान्हेरीच्या लेण्यांचा एक भाग आहे, साष्टी बेटावरच्या कोरीव मंदिराची ओसरी आहे, जोगेश्वरीही आहे. १७९९ साली थॉमस रॉयल अकादमीचे पूर्ण सभासद झाले. घोडागाड्या रंगवणाऱ्या मुलाला तो मान मिळाला.

मग १८१० साली, चीन पाहून पंचवीस वर्षे झाल्यावर, चीनमार्गे हिंदुस्थानच्या प्रवासाचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात ५० रंगीत छाप आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून सुरुवात होऊन वाटेतली बेटे, मग चीनची नदी, नौका, मनोरे, देवळे आणि शेवटी हिंदुस्थान. प्रत्येक चित्रासोबत थोडा मजकूर आहे. ज्या इंग्रजांनी चिनी इमारत फक्त चहाच्या कपांवर पाहिली होती, त्यांना ती खरीखुरी, नदीकाठी, माणसांमध्ये उभी असलेली दिसली.

यात दोष नव्हते असे नाही. चित्र सुंदर दिसावे म्हणून कधी झाड जरा जवळ आणले जाई, कधी ढग हवे तसे ठेवले जात. दारिद्र्य आणि दुष्काळ या चित्रांत फारसे दिसत नाहीत. ज्या कंपनीच्या परवानगीने ते आले तिचा अंमल या देशावर पसरत होता, तोही त्यांत दिसत नाही. चित्रे पाहताना हे विसरू नये.

या छापांचा परिणाम दूरवर झाला. इंग्लंडमध्ये सेझिनकोट नावाच्या ठिकाणी कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या एका कुटुंबाने हिंदुस्थानी धर्तीचे घर बांधले, तेव्हा थॉमस यांचा सल्ला घेण्यात आला. बागेतले सूर्याचे छोटे देऊळ त्यांच्याच आराखड्याचे. पुढे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी राजपुत्राचा महाल नव्याने बांधला गेला. त्याचे घुमट आणि मिनार बाहेरून हिंदुस्थानी, आणि आतली सजावट चिनी. थॉमस यांनी आयुष्यभर जपलेले दोन देश असे एका छपराखाली आले.

शेवट

थॉमस यांनी लग्न केले नाही. पुतण्या हाच त्यांचा मुलगा, शिष्य आणि सोबती. विल्यमने पुढे इंग्लंडच्या किनाऱ्याभोवती फिरून आणखी तीनशेवर चित्रे छापली आणि तोही अकादमीचा सभासद झाला. पण १८३७ साली विल्यम काकांच्या आधी गेला. ज्याला पंधरा वर्षांचा असताना हाताला धरून जहाजावर चढवले, त्याला निरोप देण्याची वेळ म्हाताऱ्या काकांवर आली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९ मार्च १८४० रोजी, लंडनच्या केन्सिंग्टन भागात थॉमस डॅनियल यांनी देह ठेवला.

त्यांचे ग्रंथ आज मोठ्या संग्रहालयांत जपलेले आहेत. मात्र असे अनेक जुने ग्रंथ व्यापाऱ्यांनी उसवले आणि त्यांतली पाने सुटी करून, चौकटीत बसवून विकली. म्हणून कधी एखाद्या हॉटेलात किंवा कचेरीच्या भिंतीवर चिनी देवळाचे जुने रंगीत चित्र एकटेच लटकलेले दिसते. ते कोणी काढले, कोणी रंगवले, कुठल्या ग्रंथातून आले, हे सांगणारा मजकूर दुसऱ्याच पानावर राहून गेलेला असतो.

आपण काय घ्यावे?

बंधू-भगिनींनो, आपण चित्रकार नाही. पण पाहणे तर आपल्या हातात आहे. शेजाऱ्याच्या घरी सण असतो, समोरून मिरवणूक जाते, रस्त्यापलीकडे दुसऱ्याचे प्रार्थनास्थळ असते. आपल्यालाही अनेकदा वेशीबाहेरच थांबावे लागते. बाहेरून पाहतानाही आदर ठेवता येतो, आणि जे कळले नाही त्यावर घाईने नाव ठोकू नये, एवढे तरी थॉमस यांच्या कथेवरून शिकता येईल.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. आपले शहर झपाट्याने बदलले. नगरपालिकेची २००२ साली महानगरपालिका झाली. मिठागरे, शेते आणि बावी यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. गावठाणातली कौलारू घरे एकामागून एक पाडली गेली. वाटेवरचे जुने क्रूस कुठे सरकवले गेले, कुठे भिंतीआड गेले. लांबून आलेल्या परक्या माणसाने आपल्या बेटावरचे दगड एवढ्या कष्टाने कागदावर उतरवले. आपण आपल्याच आजीच्या घराचे एक चित्र तरी जपून ठेवले आहे का?

आमची एक साधी विनंती आहे. आज मिस्सानंतर घरी गेल्यावर जुनी पेटी उघडा. त्यात फोटो असतील. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने हलकेच लिहून ठेवा: हे घर कोणाचे, हा क्रूस कुठला, हे कोण उभे आहेत, साल कोणते. जे घर अजून उभे आहे त्याचा आजच फोटो काढा. ब्राह्मी वाचणारा उरला नाही म्हणून कान्हेरीच्या भिंती शतकानुशतके मुक्या राहिल्या. आपल्या घरच्या फोटोंचे तसे होऊ देऊ नका.

आणि प्रार्थनेच्या वेळी ज्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत त्यांचीही आठवण करू या. पत्रा घासणारे, रंग भरणारे, होडी वल्हवणारे, पालखी वाहणारे, आणि आपल्या चर्चच्या भिंतींना दगड वाहणारे आपले पूर्वज. माणसांच्या वहीत त्यांची नावे नसली तरी प्रभूच्या वहीत ती आहेत, असा आपला विश्वास आहे. प्रभू त्या सर्वांना चिरशांती देवो.